इंग्लंडच्या खेड्यात पॅरिश काउन्सिलची सदस्य होताना

मे २०२४ मध्ये मी आमच्या गावच्या पॅरिश काउन्सिलची सदस्य झाले. गाव हेरफर्डशायरमधलं, वेल्सच्या सीमेकडचं. नाव देत नाही, कारण इथं उंबरे इतके थोडे आहेत की कुणाबद्दल लिहिलंय ते लगेच ओळखू येईल. तेव्हापासून इंग्लंडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत राहणाऱ्या मराठी मैत्रिणी तेच प्रश्न विचारतात. ब्रिटिश नागरिकत्व लागतं का? निवडणूक लढवावी लागते का? पक्ष लागतो का? आणि सगळ्यांत शेवटी, जरा आवाज खाली आणून: आपल्याला घेतात का गं ते लोक? हे सगळं एकत्र मराठीत मला कुठं सापडलं नव्हतं. आता पहिलं वर्ष पूर्ण झालंय, तर जसं घडलं त्या क्रमानं लिहिते.

आधी पॅरिश म्हणजे काय ते. चर्चचा पॅरिश वेगळा आणि सिव्हिल पॅरिश, म्हणजे कारभारासाठी आखलेली गावाची हद्द, वेगळा. १८९४ च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टनं खेड्यांचा कारभार चर्चच्या जुन्या सभेकडून काढून घेतला आणि लोकांनी निवडलेल्या पॅरिश काउन्सिलकडे दिला. अटींत बसणाऱ्या बायकांना, लग्न झालेल्यांनासुद्धा, तेव्हापासूनच इथं मत देता आलं आणि सदस्यही होता आलं. पार्लमेंटसाठी मत मिळायला त्यांना १९१८ साल उजाडावं लागलं. आज चर्च सांभाळणारं मंडळ वेगळं, व्हिलेज हॉलचे विश्वस्त वेगळे आणि पॅरिश काउन्सिल वेगळी. माणसं मात्र तिन्हीकडे बरीचशी तीच दिसतात, त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो. ग्रामपंचायतीसारखे दाखले, नळपाणी, घरपट्टी असं इथं काही नसतं. खेळाचं मैदान, बाकं, नोटीस बोर्ड, पायवाटा, रस्त्याकडेचं गवत, बांधकामाच्या अर्जांवर मत देणं, एवढा आवाका. सदस्य फुकट काम करतात. पगार फक्त क्लार्कला, तोही आठवड्यातल्या थोड्या तासांचा.

आम्ही २०१९ मध्ये बर्मिंगहॅमहून इकडे आलो, नवऱ्याची नोकरी हेरफर्डला लागली म्हणून. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला आणि सांगलीजवळच्या माझ्या माहेरच्या घरात पाणी शिरलं. आम्ही इकडे खोकी उघडत होतो आणि आई तिकडे नातेवाइकांच्या माडीवर. पुढच्याच फेब्रुवारीत डेनिस वादळात हेरफर्डला वाय नदीनं पातळीचा विक्रम मोडला. साचलेलं पाणी पाहिलं की मला स्वस्थ बसवत नाही, त्याचं कारण हे असावं.

आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथं मुलं शाळेच्या बससाठी उभी राहतात, तिथं पाऊस झाला की तळं व्हायचं. २ जानेवारी २०२४ ला हेंक वादळ आलं आणि आमच्या शेजारणीच्या गॅरेजात पाणी गेलं. मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या काउन्सिलच्या, संकेतस्थळावर नकाशावर खूण करून तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, काही दिवसांनी माणसं येऊन रस्त्यावरची जाळी उपसून गेली. पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथंच. तक्रारीवर आलेल्या उत्तरात एक वाक्य होतं, ते महत्त्वाचं निघालं: जाळी आणि रस्त्याखालची मोरी रस्तेखात्याची, पण रस्त्याकडेचा चर लगतच्या जमीनमालकाचा. अडथळा चरात होता. मग चराबद्दल कुणाशी बोलायचं? शेजारीण म्हणाली, पॅरिश काउन्सिलच्या सभेला ये.

सभा दर दुसऱ्या महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी, व्हिलेज हॉलमध्ये. विषयपत्रिका निदान तीन पूर्ण दिवस आधी नोटीस बोर्डावर लागली पाहिजे असा कायदा आहे. त्या तिनांत लावल्याचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार धरत नाहीत. सभा कुणालाही ऐकता येते. सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला काही मिनिटं राखून ठेवलेली असतात, ती संपली की ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं सांगणं: तुमचा विषय क्लार्कला आठवडाभर आधी ईमेलनं कळवा. पत्रिकेत नसलेल्या विषयावर काउन्सिलला त्या दिवशी निर्णय घेताच येत नाही, फक्त ऐकून घेता येतं. आणि जाड कोट घालून जा. आमच्या हॉलचा हीटर नाणी टाकून चालतो.

मी फेब्रुवारीत गेले. बोलण्याआधी छातीत धडधडत होतं. इंग्रजीची भीती नव्हती, ऑफिसात दिवसभर तीच बोलते. पण इथं सगळे एकमेकांना तीस-तीस वर्षं ओळखतात आणि आपण बोलायला उठलो की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते, तिची भीती होती. मी तारखा, फोटो आणि तक्रारीचा नंबर असा एक कागद केला होता, तो दिला. चेअरमननी तो सगळ्यांना फिरवला आणि क्लार्कना नोंद करायला सांगितलं. कुणी मला कुठली आहेस असं विचारलं नाही. चर कुठून सुरू होतो ते विचारलं. सभा संपल्यावर क्लार्कबाई कागद आवरताना सहज म्हणाल्या, एक सदस्य गाव सोडून चाललेत, जागा रिकामी होईल, विचार कर.

मी भारतीय नागरिक आहे, मला कसं चालेल, असं मी विचारलं. त्यांनी नियमाची प्रत पाठवली. तो नियम इथं नीट लिहिते, कारण बहुतेकांची गाडी इथंच अडते. वय अठरा पूर्ण हवं. ब्रिटिश किंवा कॉमनवेल्थ नागरिक चालतो. काही युरोपीय देशांचेही चालतात. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. मात्र उभं राहण्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याकडे इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे मुदतीचं बंधन नसलेला राहण्याचा परवाना हवा. मला तो मिळालेला होता. नुसतं मत देण्यासाठी तेवढीही अट नाही: मुदतीच्या व्हिसावर असलेल्या भारतीय माणसालाही मतदार यादीत नाव घालता येतं, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीसाठीसुद्धा. कितीतरी मराठी घरांना हे माहीत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मी तोच दाखवून मत दिलं.

शिवाय गावाशी नातं दाखवावं लागतं. त्या पॅरिशच्या मतदार यादीत नाव असलं तर झालं. नसलं तर गेले बारा महिने तुम्ही पॅरिशमध्ये किंवा तिथून तीन मैलांच्या आत राहत असला पाहिजेत, किंवा तिथं जमीन-घर मालकीचं वा भाड्याचं असलं पाहिजे, किंवा कामाची मुख्य जागा तिथं असली पाहिजे. यातली एक गोष्ट पुरते. पक्ष लागत नाही; आमच्याकडे कुणी पक्षाच्या नावानं बसतच नाही.

२ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, रिकाम्या जागेची नोटीस बोर्डावर लागली. पुढचे चौदा कामाचे दिवस वाट बघायची असते. त्या मुदतीत पॅरिशमधल्या दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक घ्यावी लागते, आणि तिचा खर्च गावाच्याच पैशातून जातो. मागणी झाली नाही तर काउन्सिल स्वतः कुणाला तरी सदस्य करून घेते, त्याला को-ऑप्शन म्हणतात. २२ एप्रिलला मुदत संपली, मागणी आली नाही. मी दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं: कोण आहे, किती वर्षं इथं आहे, हिशेबाचं काम करते, कोणत्या संध्याकाळी मोकळी असते. खरं तर शेवटचं वाक्यच त्यांना सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, हे पुढे कळलं. पोरंबाळं, नोकरी, शेती सांभाळून नेमानं सभेला येणारी माणसं मिळणं हीच खेड्यांची अडचण आहे.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या आजोबांना पंचायतीपायी कधी वेळेवर जेवायला मिळालं नाही. जेवून जात जा." ती गंमत करत नव्हती.

मग कळलं की जागा एक आणि अर्ज दोन आहेत. दुसरे गृहस्थ जन्मापासून गावातले, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात गेलेले. हे कळल्यावर मी पत्र मागे घ्यायला निघाले होते. नवरा म्हणाला, त्यांचा हक्क जास्त हे तूच का ठरवतेस, ते लोक ठरवतील. मी थांबले.

१४ मेची सभा वार्षिक होती. या सभेत पहिलं काम चेअरमन निवडण्याचं, तसा कायदाच आहे. नंतर आमचा विषय. आम्हा दोघांना दोन-दोन मिनिटं बोलायला दिली. मी पाण्याबद्दल बोलले आणि हिशेबाबद्दल. ते मैदानाबद्दल बोलले. मग आमच्यासमोरच हात वर करून मतदान झालं. हा प्रसंग कठीण असतो. मतदान उघड होतं, उमेदवार खोलीत बसलेले, आणि जिंकायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त हात लागतात. सहाजण होते, चार हात माझ्यासाठी, दोन त्यांच्यासाठी. मला आनंद झाला नाही असं नाही, पण मान वर करून त्यांच्याकडे बघता येईना. बाहेर पार्किंगमध्ये ते माझ्या गाडीपाशी आले आणि म्हणाले, तुझ्या त्या चराखाली एक जुनी मोरी आहे, झाडोऱ्यात गेलीय, शनिवारी वेळ असेल तर दाखवतो. सप्टेंबरमध्ये दुसरी एक जागा रिकामी झाली तेव्हा त्यांना बिनविरोध घेतलं. आता सभेत ते माझ्या शेजारी बसतात.

निवड झाल्याबरोबर क्लार्कसमोर पद स्वीकारल्याच्या कागदावर सही करावी लागते. ही सही झाल्याशिवाय तुम्ही सदस्य म्हणून काही करू शकत नाही. त्यानंतर अठ्ठावीस दिवसांत हितसंबंधांचा फॉर्म. मला सगळ्यांत जास्त धास्ती याचीच वाटली. तुमची नोकरी, पॅरिशमधली जमीन आणि घर, काउन्सिलबरोबरचे करार, इथं जागा किंवा धंदा असलेल्या कंपन्यांमधले मोठे शेअर्स, आणि हे सगळं जोडीदाराचंही. फॉर्म काउंटीच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे सदस्यांच्या वागणुकीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो आणि इंटरनेटवर सगळ्यांना दिसतो. कारण नसताना भरला नाही किंवा खोटा भरला तर तो फौजदारी गुन्हा आहे. घरचा पत्ता जगाला दिसणार या विचारानं मला झोप लागेना. मी मॉनिटरिंग ऑफिसरच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं: पत्ता उघड झाल्यानं मारहाणीची किंवा धमकावण्याची भीती असेल तर तो तपशील प्रसिद्ध न करण्याची विनंती करता येते. माझ्याकडे तसं कारण नव्हतं, म्हणून मी केली नाही. पण एकट्या राहणाऱ्या किंवा आधी त्रास सोसलेल्या कुणालाही हे माहीत असायला हवं. सांगलीतली शेतजमीन लिहायची का, हाही प्रश्न मी विचारला. नाही, इथल्या हद्दीतलीच मालमत्ता लिहायची असते.

खर्चाचं म्हणाल तर अर्जाला काही लागलं नाही. जूनमध्ये हेरफर्डशायर असोसिएशन ऑफ लोकल काउन्सिल्सचं नव्या सदस्यांसाठीचं प्रशिक्षण केलं, त्याची फी काउन्सिलनं भरली. तुम्हीही आवर्जून करा. मला तिथं कळलं की एकट्या सदस्याला कसलाच अधिकार नसतो. चेअरमनसुद्धा परस्पर काही मंजूर करू शकत नाहीत. ठराव सभेत होतो आणि अंमलबजावणी क्लार्क करतात. गावातली माणसं रस्त्यात अडवून "तू बघशील ना?" म्हणतात तेव्हा "पत्रिकेवर घ्यायला सांगते" एवढंच म्हणायचं असतं. पहिले काही महिने हे जिभेवर येत नव्हतं. माझ्या आजोबांनी कुणाला असं उत्तर दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

जुलैची सभा माझी खरी परीक्षा होती. विषय कोंबड्यांच्या मोठ्या शेडचा अर्ज. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल. पण वाय नदीच्या खोऱ्यात दोन कोटींहून जास्त कोंबड्या असल्याचं इथं सगळेच सांगतात. त्यांच्या खतातला फॉस्फेट जमिनीतून नदीत उतरतो, उन्हाळ्यात शेवाळ माजून पाणी हिरवं होतं आणि नदीतली पांढऱ्या फुलांची वॉटर क्रोफूट नावाची वनस्पती मरते. मे २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेनं वायची स्थिती "प्रतिकूल आणि ढासळती" अशी नोंदवली. वायला मिळणाऱ्या लग नदीच्या खोऱ्यात तर २०१९ पासून फॉस्फेटमुळेच नव्या घरांच्या परवानग्या अडकल्या होत्या. दुसऱ्या बाजूला, अर्ज करणारं कुटुंब चार पिढ्यांचं. नुसत्या गुरांवर घर चालत नाही, मुलाला गावात राहायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत.

नियम असा की निर्णय काउंटीचा, पॅरिश काउन्सिल फक्त मत कळवते, आणि त्यासाठी एकवीस दिवस मिळतात. मत द्यायचं तर नियोजनाच्या कायद्यात बसणारी कारणं द्यावी लागतात: रहदारी, वास, पाण्याचा निचरा, नदीवरचा परिणाम. घराची किंमत उतरेल, खिडकीतला देखावा जाईल, ही कारणं धरत नाहीत. सदस्यानं सभेआधी "मी विरोधच करणार" असं जाहीर करायचं नसतं, मोकळ्या मनानं यायचं असतं. एका सदस्याची जमीन शेडला लागून होती. त्यांनी हितसंबंध जाहीर केला आणि ते उठून बाहेर गेले, विषय संपेपर्यंत पोर्चमध्ये उभे राहिले. कुणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं. गावात प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी नातं असताना निवाडा कसा करायचा, ते मला त्या वेळी दिसलं.

मी आकडे बघितले होते. खत कुठं नेणार याचा आराखडा अपुरा होता, तेवढंच मी बोलले. काउन्सिलनं हरकत नोंदवली ती त्याच मुद्द्यावर. दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबातल्या सूनबाई शाळेच्या फाटकापाशी भेटल्या. बोलतील की नाही असं वाटलं. त्या म्हणाल्या, आराखडा पुन्हा करून देतोय, तुम्ही वाचाल का? मी क्लार्कमार्फत पाठवायला सांगितलं. आम्ही दोघी अजून एकत्रच मुलांना सोडायला जातो.

चराचं काम ऑगस्ट संपेपर्यंत हलणार नव्हतं. हेज, म्हणजे शेताकडेची झुडपांची कुंपणं, कापायला १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंदी असते, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. ही बंदी आता २०२४ च्या नियमांनी कायद्यात आलीय. त्या झुडपांखालीच चर दडलेला होता. दरम्यान ट्रॅक्टरवाल्या गृहस्थांनी काठीनं टोचत टोचत मोरीचं तोंड शोधून दाखवलं होतं. शेतमालकाला काउन्सिलनं पत्र पाठवायचं ठरलं. ट्रॅक्टरवाले म्हणाले, पत्राआधी मी फाटकावर बोलून येतो, नाहीतर कागद पाहून माणूस बिथरतो. ते बोलून आले. पत्र मग गेलं, पण आभाराचं. सप्टेंबरअखेर मका काढून झाल्यावर शेतमालकानं स्वतःच्या छोट्या डिगरनं चर उपसला, एक पैसा न घेता. रस्त्याच्या कडेनं पाणी चरात जायला ज्या बारीक चाऱ्या असतात, त्या लेंथ्समननं खणल्या. लेंथ्समन म्हणजे पॅरिशनं ठरवून दिलेल्या रस्त्यांची निगा राखणारा माणूस, तासावर काम करतो. हेरफर्डशायरमध्ये ही पद्धत अजून चालू आहे. त्याला काम द्यायच्या आधी त्याचा विमा आणि रस्त्यावर काम करण्याचं प्रमाणपत्र पाहावं लागतं. कागद मागायला संकोच करू नका, चांगला लेंथ्समन ते बरोबरच घेऊन येतो.

नोव्हेंबरच्या २३ तारखेला बर्ट वादळ आलं. शेजारच्या वुस्टरशायरमधल्या टेनबरी वेल्स नावाच्या गावात दुकानांतून पाणी वाहिलं. मी आणि शेजारीण रेनकोट घालून गल्लीच्या टोकाला उभ्या होतो. तळं झालं, पण बसस्टॉपपर्यंत आलं नाही आणि संध्याकाळपर्यंत ओसरलं. शेजारणीचं गॅरेज कोरडं राहिलं. पूर्ण सुटका अजून नाही: रस्त्याखालचा पाइप लहान आहे, तो बदलणं काउंटीच्या हातात आहे.

त्याच महिन्यात बजेटला सुरुवात झाली. आर्थिक वर्ष १ एप्रिलचं, आपल्यासारखंच. जानेवारीत काउन्सिल काउंटीला कळवते की आम्हाला एवढी रक्कम लागेल. तिला प्रीसेप्ट म्हणतात आणि ती प्रत्येक घराच्या काउन्सिल टॅक्समध्ये मिळवली जाते. क्लार्कचा पगार, विमा, हॉलचं भाडं, गवत, मैदानातल्या झोपाळ्यांची वार्षिक तपासणी, लेंथ्समन. शिवाय डिफिब्रिलेटरचे पॅड, त्यांची मुदत संपते. बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं हे यंत्र गावातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये आहे. तो बूथ काउन्सिलनं पूर्वी बीटी या टेलिफोन कंपनीकडून एका पौंडाला घेतला. आमचा वर्षाचा सगळा जमाखर्च पंचवीस हजार पौंडांच्या आतला, त्यामुळे बाहेरच्या ऑडिटमधून सूट मिळते. पण हिशेबाची वही जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस धरून एकूण तीस कामाचे दिवस कुणालाही बघायला खुली ठेवावी लागते. कुणी बघायला आलं की मला बरं वाटतं. आजवर एक आजोबा आले. त्यांनी विम्याच्या दोन पावत्या का, असं विचारलं. एक व्हिलेज ग्रीनवरच्या बाकांसाठी होती, ती वेगळी का याचं उत्तर आम्हालाही शोधावं लागलं, आणि या वर्षी दोन्ही एकत्र केल्या.

जानेवारीत एका बागेत वॉसेल होतं. सफरचंदाच्या जुन्या झाडाला सायडर ओततात, फांद्यांवर भाजलेल्या पावाचे तुकडे लावतात आणि डबे-पराती बडवून झाडाला जाग आणतात, म्हणजे पीक चांगलं येतं. मी घरून पितळी थाळी आणि लाटणं घेऊन गेले होते.

आता काउन्सिलची बातमी पॅरिश मॅगझिनमध्ये लिहायचं काम माझ्याकडे आलंय. गावात बातमी तीन वाटांनी जाते: मॅगझिन, बसस्टॉपजवळचा बोर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. ग्रुपवर सगळ्यांत लवकर कळतं. हरवलेला कुत्रा सापडतो, रस्ता बंद असल्याचं समजतं. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते त्यातून सुटतात, आणि ज्या वयातल्यांना अशा बातम्यांची गरज जास्त तेच बहुधा सुटतात. मॅगझिन स्वयंसेवक पायी फिरून दारादारात टाकतात. मी लिहिताना ठराव, रक्कम, पुढची सभा, कुणाला फोन करायचा, एवढंच ठेवते. शेडच्या वेळी मी दोन्ही बाजू सारख्या ओळींत लिहिल्या आणि छापायच्या आधी क्लार्कना दाखवल्या. नावं घातली नाहीत.

मे २०२५ मध्ये वार्षिक पॅरिश मीटिंग झाली. ही काउन्सिलची सभा नाही, गावातल्या सगळ्या मतदारांची. कायद्यानं ती १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान घ्यायची असते, संध्याकाळी सहाच्या आधी नाही. आपल्या ग्रामसभेच्या सगळ्यांत जवळचं इथलं जे काही आहे ते हेच. शाळा, व्हिलेज हॉल, चालणाऱ्यांचा गट, सगळ्यांनी वर्षाचा अहवाल दिला. मी चराचा आणि पाण्याचा दिला. नंतर चहा आणि व्हिक्टोरिया केक. मी शंकरपाळ्या नेल्या होत्या.

को-ऑप्शननं मिळालेली जागा पुढच्या सर्वसाधारण निवडणुकीपर्यंतच असते. हेरफर्डशायरमध्ये ती मे २०२७ मध्ये आहे. तेव्हा राहायचं तर रीतसर उमेदवारी अर्ज भरावा लागेल: पॅरिशमधल्या दोन मतदारांच्या सह्या, एक सुचवणारा आणि एक अनुमोदक. अनामत रक्कम नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तरच मतदान होतं. तुमच्या गावात तोवर थांबायची गरज नाही. बोर्ड वाचा, क्लार्कला ईमेल करा आणि एखाद्या सभेला नुसतं बसून या. परवान्याचा कागद आणि मतदार यादीतली नोंद हाताशी ठेवा. अर्जात शिक्षण आणि हुद्दे लिहिण्यापेक्षा कोणत्या संध्याकाळी येऊ शकता ते लिहा.

सप्टेंबरच्या पत्रिकेत रस्त्याखालच्या पाइपाचा विषय पुन्हा घेतलाय. काउंटीचे अभियंते येऊन मापं घेऊन गेलेत, लेखी उत्तर यायचंय. आलं की कळवीन.